कारण, तीनशे शब्दांत

सध्याची संस्था सोडण्याचं कारण लिहा.
चौकट लहान. खाली आकडा: शून्य भागिले तीनशे.
वसमतच्या आमच्या खोलीत रात्रीचे साडेअकरा,
बाबांचा सदरा खुंटीला, खिशाच्या कडेला हळद.

पहिल्यांदा लिहिलं: आमच्याकडं संगणक चौदा,
चालतात पाच, त्यातला एक
फक्त ढाकणे बाईंनाच ओळखतो.
वाचलं. चहाडी वाटली. खोडलं.

दुसऱ्यांदा लिहिलं: मला मोठं व्हायचंय.
हे तर ग्रंथालयाच्या भिंतीवरही लिहिलंय,
पंखा नाही त्या बाजूच्या. खोडलं.

तिसऱ्यांदा बाबांबद्दल लिहायला गेले,
मोंढ्यातले मापाडी, पस्तीस वर्षं काट्यापाशी,
आणि हात थांबला:
बाबांनाच काट्यावर ठेवायला निघाले होते मी
जागा मिळावी म्हणून.

जागा दोन आहेत. अख्ख्या देशातून दोन.
बाबा म्हणाले, "मंग एक तुझी, एक दुसऱ्याची.
त्याच्यात मोजायचं काय?"

नांदेडला जाऊन मायग्रेशनचा फॉर्म आणला,
तीन खिडक्या, दोन चलनं आणि एक शिक्का
जो जेवायला गेला होता.
परतताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं,
"कुठं जायलीस, माय?"
"घरी," म्हणाले.
त्या दिवसापुरतं ते खरं होतं.

प्रणिता खिल्लारे म्हणाली, "आम्ही काय वाईट आहोत का गं?"
आणि तिनंच माझा फोटो काढला
पांढऱ्या ओढणीसमोर उभं करून,
पन्नास केबीच्या आत बसवून दिला.

शिफारस येरावार सरांची.
सर तासिकेवर आहेत: शिकवलं तेवढ्याचे पैसे,
तेही दिवाळी उलटल्यावर.
संख्याशास्त्राला आम्ही दहा जण.
दहाच्या खाली वर्ग चालत नाही,
ही सूचना फलकावर लागलीय, सरांच्याच अक्षरात.

"सर, दहा वजा एक?"
सर बोटांवरचा खडू पुसत होते.
"इतकं सोपं गणित विचारू नको," म्हणाले,
"लिंक पाठव."

पत्र गोपनीय असतं.
मला नुसती हिरवी टिक दिसते,
रात्री दोन वाजून बारा मिनिटांची.

पहिल्या वर्षी, पहिल्याच तासाला सरांनी विचारलं होतं,
मापाडी 'एक' कामून म्हणत नाही?
वर्ग गप्प. मला ठाऊक होतं.
लाभ, दोन, तीन, अशी मोजणी.
एक म्हणलं की माल एकटा पडतो, बाबा सांगतात.
तेव्हापासून सरांची हजेरी तशीच.
आवचार, म्हणून यादीत मी वर:
लाभ.
दोन, इंगोले. तीन, खिल्लारे.
सहावा पठाण मोईन, जो दूध घालून
अर्धा तास संपल्यावर येतो.

हे कशातच बसेना.
शेवटी दोनशे एक्क्याण्णव शब्द पाठवले,
संधी, आवड, प्रगत अभ्यासक्रम,
असलेच सगळे, इस्त्री केलेले.
नऊ उरले होते:
मी गेले तर येरावार सरांची हजेरी दोनपासून सुरू होईल.
लिहिले नाहीत.

निकाल जूनमध्ये.
आज सकाळी तास होता.
सरांनी यादी उघडली, चष्मा शोधला,
तो डोक्यावरच होता.
"लाभ."
"हजर," मी. जरा मोठ्यानंच.
मग दोन, तीन, चार,
आणि सहापाशी सर थांबले नेहमीसारखे,
जोवर बाहेर मोईनचा डबा वाजत नाही.