खांब क्रमांक तीन

दुधना आज गुडघाभर.
एवढ्याशा पाण्याला कोण भिणार,
म्हशीसुद्धा कंटाळून अर्ध्यातनं परत फिरतात.

दोरीला शिशाचा गोळा बांधून मी सोडते.
खांब एक : तळ लागला.
खांब दोन : लागला, जरा उशिरानं.
खांब तीन :
दोरी हातातून जात राहते, जात राहते,
जसा एखादा माणूस बोलत राहतो
आणि उसने पैसे मागायचे हे काही ओठावर येत नाही.

मसाजी भोई सदरा काढतात,
घड्याळ माझ्या हातात देतात, आणि खाली.
मी त्यांचंच घड्याळ बघत राहते.
वरून शेळ्या जातात, शाळेची पोरं भरलेला टमटम,
सरकी लादलेला एक छोटा हत्ती.
कठड्याला मार्चमध्येच रंग दिलाय, काळा-पांढरा,
अजून हाताला लागतो.

एकोणचाळीस सेकंद.
'म्याडम, बुडाखालून हात घातला.
कोपरापत्तुर गेला. मंग खांद्यापत्तुर.
तितं बोटाला मासा लागला.
घर केलंय त्यानं.'

रकाना आहे : पायाखालील पोकळी, मीटरमध्ये.
मी लिहिते, एक माणसाचा हात.
खोडते. लिहिते, ०.७०.

पुढचा रकाना : कारण.
साहेब फोनवर म्हणतात, अतिवृष्टी लिहा,
अतिवृष्टीला नोटीस काढावी लागत नाही.
खालच्या अंगाला दोन फर्लांगावर
नदी इतकी सरळ कापलेली आहे
की कडेला हायवाच्या टायरची नक्षी मोजता येते.
मी लिहिते :
पाऊस चौकोनी खणत नाही.
हेही खोडावं लागणार, माहीत असतं.
तरी शाईनंच लिहिते.

मसाजी खांबावर तांबडी रेघ ओढतात,
थोडी वाकडी, पण कुणालाही दिसेल अशी.
रेघ बुडाली की पूल बंद.
खाली माझा नंबर. नऊचा आकडा उलटा पडलाय.

भाद्रपदात रात्री दीडला
त्याच नंबरवर मसाजींचा फोन आला : 'बुडाली.'
दोन्ही तोंडांना पिंपं लावली, काटेरी बाभळी टाकल्या.
खैरीच्या दूधवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या,
बावीस किलोमीटरचा फेरा आणि कॅनमध्ये नासणारं दूध.
मी ऐकून घेतलं. दूध खरंच नासलं होतं.

सकाळी पूल जागेवर.
कठड्यावर गवत, एक चप्पल, आणि ऊन.
'बघा,' दूधवाला म्हणाला, 'काय झालं का?'

पाणी उतरल्यावर साहेब स्वतः आले.
मी गोळा सोडला.
खांब तीन : तळ लागला.
चटकन. एक नि दोनपेक्षाही आधी.
साहेब हसले. भरून आला म्हणाले, निसर्ग.

मसाजी काही बोलले नाहीत.
धोतर खोचून खांबाजवळ गेले
आणि त्या तळावर उभे राहिले.
आधी घोटे गेले.
मग गुडघे.
'लापशी हाय,' तिथूनच म्हणाले,
'नदीनं खड्डा झाकलाय निस्ता.'
साहेबांनी हात दिला, मी दोरी.

शेरा :
तळ लागतो.
तो तळ नाही.
पिंपं हलवू नयेत.