दीड इंच

वरच्या वाडीच्या वळणाला एक दगड आहे.
पहाटे साडेचारला, चोवीस कॅन भरलेले असताना
तो माझ्या पिकअपच्या पोटाला नख लावायचा.
कर्र.
एवढंच. पण ते दिवसभर दातांत राहायचं.

खरं सांगू का, नुसता दगड नव्हता.
साळवणच्या पवन्यानं त्याची गाडी पाच इंच उचललेली,
रंकाळ्यावर लावली की पोरं तिच्यासोबत फोटो काढायची
आणि शेजारी माझी
गुडघ्यात वाकल्यासारखी दिसायची.

म्हणून मीही उचलली. चार इंच.
हायवेवरच्या दुकानात, एका दुपारी:
पाट्यांखाली लोखंडी ठोकळे, लांब यू-बोल्ट, निळे शॉकअप,
बिलावर एकच शब्द, किट.
दगडावरून गेलो तेव्हा
मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग साठच्या पुढं आरसा थरथरू लागला.
आधी आरसा, मग गिअरचा दांडा,
मग सीटखालून काहीतरी गुरगुरायला लागलं.
डेअरीवर म्हणाले, "सर्जेराव,
दूध आणताय का लोणी?"

तिसऱ्या आठवड्यात, कळ्याच्या अलीकडं,
टण्.
शाफ्ट सुटून रस्ता बडवत राहिला
आणि चोवीस कॅन उन्हात.

उद्यमनगरात, लेथच्या गल्लीत
दस्तगीर मिस्त्रीनं तुटका क्रॉस तळहातावर घेतला.
सुयांएवढे रोलर, निम्म्यांची तांबडी भुकटी.
"कशापायी उचलली?"
"दगडापायी."
"किती इंचाचा दगड?"
मी गप्प. दगड मोजतं का कोण?

त्यानं माझा हात धरून सरळ केला.
"खांदा म्हंजे मागचा डिफ्रन्शल. हलायचा न्हाई.
मनगट म्हंजे गिअरबॉक्स. ते उचल वर.
बघ कोपर किती वाकलं.
आता असल्या कोपरानं
मिनिटाला दोन हजार गिरक्या मार."

आडवा होऊन तो गाडीखाली गेला,
कोन लावून आकडे ओरडला,
त्याची लेक नसीम वहीत लिहीत होती:
पुढं चार डिग्री, मागं नऊ.
मला डिग्री म्हणजे दुधाचीच ठाऊक.

"पुढचा जेवढा खाली बघतो
तेवढंच मागच्यानं वर बघाया पायजे.
डोळ्यात डोळं घालून न्हवं,
बरोबरीनं.
तुझ्या ठोकळ्यांनी दोघांची नजर मोडली.
जा, आधी दगड मोजून ये.
आणि कॅन भरून मोज.
रिकामी गाडी खोटं बोलती."

मेव्हण्याची पिकअप मागून घेतली,
तीही तसलीच, न उचललेली, कॅन भरून.
बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप.
वळणावर पालथा पडून मी मोजत होतो
आणि दोन म्हशी, एक म्हातारा
थांबून बघत होते, काय हरवलंय याचं.

दीड इंच.

एवढ्यासाठी मी चार उचलले होते.
उरलेले अडीच कुठल्या वळणासाठी होते
ते मिस्त्रीनं विचारलं नाही.

चारचे ठोकळे काढून दोनचे घातले,
एका बाजूला निमुळती पाचर,
सेंटर बेअरिंगच्या खाली बोटभर पट्टी,
नवा क्रॉस, शाफ्टचा तोल लेथवर बघून.
शेवटी नसीमनं पांढऱ्या रंगात
जोडावर दोन रेघा ओढल्या, समोरासमोर.
"उतरवलात तर ह्या जुळवून बसवा," ती म्हणाली,
"न्हाईतर परत यायला लागंल."
मिस्त्री आतून: "येऊ दे की. चहाला."

पवन्या विचारतो, किती?
दोन, म्हणतो मी. तो हसतो.
हसू दे. त्याच्या गाडीला दूध ठाऊक नाही.

आता साठला आरशात
मागचा रस्ता जसाच्या तसा दिसतो.
आणि वळणावर, पहाटे,
दगड आणि पोट यांच्यामध्ये अर्धा इंच उरतो.
तिथं आलो की मी काच खाली करतो
आणि कान देतो.
अजून सवय गेली नाही.