विझ्माचा अभ्यासक्रम

रेझेक्नेच्या इस्पितळाने रात्रपाळीच्या नर्सेस कमी केल्या
त्याच्या तिसऱ्या दिवशी
विझ्माने शाळा काढली. पट एकाचाच.
वॉलपेपरची उरलेली गुंडाळी जमिनीवर उलटी पसरली
आणि पाठीवर पेन्सिलने सत्रं आखली.
मला माहीत आहे, कारण लाकडं टाकायला मी गेलो होतो
आणि तिने मला दारातच बूट काढायला लावले.

पहिलं सत्र : लाकूड.
म्हणजे मी.
बर्च किती वेळ जळतो, अॅल्डर किती,
एकदा न्हाणीघर तापवायला ओंडके किती,
एका ओंडक्याचे सेंट किती.
मी म्हटलं, अंदाजाने घाल, सगळे तसंच घालतात.
ती म्हणाली, म्हणूनच सगळे आहेत तिथेच आहेत.
आणि मोळी सोडून मोजली.
एकोणीस.
मी वर्षानुवर्षं वीसचे पैसे लावत आलो होतो.

दुसरं सत्र शनिवारच्या बाजारात,
मासे विकणाऱ्या आन्टोनिनाच्या शेजारी उभं राहून.
आन्टोनिना भाव सांगते आणि गप्प बसते.
बस्स. गप्प.
गिऱ्हाईक चुळबुळतं, धुरावलेल्या माशाकडे बघतं,
मग आभाळाकडे,
मग खिशात हात घालतं.
चार शनिवार विझ्माने ते गप्प बसणं वहीत उतरवलं :
किती सेकंद, हात कुठे, नजर कुठे.

हिवाळाभर जमाखर्च.
वाचनालयात मिळालं ते एक जुनं रशियन पुस्तक,
उदाहरणं सगळी ट्रॅक्टरच्या कारखान्यातली.
तिने ट्रॅक्टर खोडून मधाच्या बरण्या लिहिल्या,
डहाळ्यांच्या जुड्या लिहिल्या, टॉवेल लिहिले.
गणित तेच राहिलं, फक्त नुकसान ओळखीचं झालं.

मार्चमध्ये शैक्षणिक सहल, रिगाला, एकटीची.
पांढऱ्या दगडांचं, ऑर्किडचं एक स्पा.
नव्वद युरो. पावती जपून ठेवली,
तिच्यामागे परतीच्या बसमध्ये एवढंच लिहिलं :
नव्वद युरोंत कुणी विचारलं नाही, कुठे दुखतं.

'जाहिरात' लिहिलेला चौकोन अजून कोराच आहे.
त्यावर तिचं मांजर झोपतं.

परीक्षा एप्रिलमध्ये.
परीक्षेला बसणार ती, पण झोपायचं मी,
कारण माझा उजवा खांदा, कुऱ्हाडीने खाल्लेला.
तिने विचारलं, कुठे दुखतं. मग विचारलं, कधीपासून.
हे दुसरं मला आजवर डॉक्टरनेही विचारलं नव्हतं.
तापल्या दगडांवर पाणी, चुर्र,
बर्चच्या ओल्या पानांचा वास,
जुडी कधी पावसासारखी, कधी थापेसारखी,
शेवटी तळ्याच्या गार पाण्यात एक बुडी,
आणि वर आलो तेव्हा मी शिव्या देत होतो
दोन्ही हात वर करून.
दोन्ही.

अंगाला चादर, हातात लिंडनचा चहा.
ती समोर उभी राहिली आणि म्हणाली,
पंचेचाळीस.
मी म्हटलं, लाकडाच्या उधारीतून वळते कर.
लाकडाचं वेगळं लिहिलंय, ती म्हणाली, ते तुला शुक्रवारी मिळेल.
आणि गप्प बसली.
मी चहाकडे बघितलं. छताकडे बघितलं.
कुठेतरी एक ओंडका शेगडीत कलंडला.
मग मी पाकीट काढलं.

बाहेरच्या खोलीत बूट चढवताना दिसलं,
ती वॉलपेपरवर वाकून गुण देत होती :
वाफ, उत्तम. हात, उत्तम. हिशेब, बरा.
भाव सांगणे, नापास.
सहाव्या सेकंदाला ओठांवर 'चाळीस' आलं होतं.
खाली तारीख. फेरपरीक्षा, येता शनिवार.

मी जाणार आहे.
खांदा पूर्ण बरा झालाय,
हे तिला अजून सांगितलेलं नाही.