दोन्ही हात गुंतलेले असताना

फोंड्याला, कदंब स्टँडमागच्या गल्लीत,
एल्टनच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो
ते फोनची काच दोनदा बदलून झाल्यावर.
दुकान एवढंसं, की आत उभं राहिलं तरी पाठ रस्त्यावरच.
भिंतभर खिळे, खिळ्यांवर पिशव्या,
पिशव्यांत अशा वस्तू
ज्यांची गरज मला अजून कळायची होती.

हे मागे चिकटवायचं, अंकल, बोट अडकवायला.
हा दिवा, चेहरा उजळ दिसायला.
हे पारदर्शक कव्हर, फोनचा रंग दिसतो.
(फोनला रंग आहे हे मला तेव्हा कळलं.)
मी म्हटलं, बाबा, माझं काम
सावईवेऱ्याच्या कुळागरांत.
नारळ पाडतो, सुपारी उतरवतो,
एका पोफळीचा शेंडा वाकवून
दुसरीवर जातो, खाली न उतरता.
तेव्हा फोन कुठे असावा?

एल्टन गप्प.
मग म्हणाला, घरी?

बरोबर बोलला पोर.
पण दीक्षा बांबोळीला नर्सिंग शिकते,
तिची सुट्टी बाराला, आणि बाराला मी वर.
शिवाय भाटकार हल्ली हाक मारत नाहीत,
मिस्ड कॉल देतात.

मग त्यानं गळ्यात अडकवायची पट्टी काढली,
निळी, तिच्यावर कुठल्याशा फुटबॉल संघाचं नाव.
मी एक झटका दिला.
कडी तुटून शोकेसखाली गेली.
दुसरी दिली, तीही गेली.
अंकल, असं कोण ओढतं?
मी म्हटलं, झाड.

सगुणचं नाव मी काढलं नाही.
तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा,
वाजला की एक हात सोडायचा.
खाली सुपाऱ्या वेचणाऱ्या बायांनी
त्याचं हॅलो ऐकलं, तेवढंच.
फोनला काही झालं नव्हतं.
पाटाच्या चिखलात उताणा पडून तो चालू होता,
आणि पलीकडून कुणीतरी विचारत होतं,
किती वाजता येणार?

कानात घालायचे बिनतारी मणी होते,
दीड हजारांचे. हात लावायला नको, म्हणाला,
कळतच नाही फोनवर बोलतोय ते.
पण वर असताना कान मोकळे लागतात.
मोडायच्या आधी पोफळ एकदा बोलते,
बारीक,
दार किलकिलं व्हावं तसं.
मणी परत डबीत गेले.

शेवटी घेतलं ते असं:
जाड रबरी कव्हर, म्हशीच्या गुडघ्यांसारख्या कोपऱ्यांचं,
एका कोपऱ्याला भोक. भोक महत्त्वाचं.
दोन मीटरची केबल,
कारण आमचा प्लग देव्हाऱ्याकडे
आणि सुलक्षाची खाट खिडकीकडे.
काचेवरचा पापुद्रा एल्टननं स्वतः लावला,
एक बुडबुडा राहिला.
जाईल आपोआप, म्हणाला.
गेला नाही. आता मी वेळ बघतो
ती त्या बुडबुड्यातूनच, आणि दहाचे कधी सोळा वाचतो.

दोरी मात्र घरी वळली.
काथ्याची, तीन पदरी,
ज्या सुंभावर मी स्वतः टांगलेला असतो
त्याचीच धाकटी बहीण.
फोन आता कमरेला, मागच्या बाजूला,
कोयत्यापासून चार बोटं लांब.
सुलक्षा हसली, म्हणाली,
वासराला बांधलंत की काय.

बारा वाजता तो वाजतो,
पाठीशी थरथरतो गळाला लागलेल्या शेवट्यासारखा.
मी उचलत नाही.
दीक्षाला ठाऊक आहे, ती दोनदा वाजवून ठेवते.
म्हणजे जेवली.
मी शेंडा धरून पुढच्या पोफळीकडे झुकतो.

खाली आलो की हात लुंगीला पुसतो
आणि तिला तीनदा वाजवतो.
म्हणजे उतरलो.