न उतरलेली

कुताइसीच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी
पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं गळा रेखाटला.
"ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी उगवते,
जन्माआधीच उतरते मानेपर्यंत.
तुमची उतरलीच नाही.
गाठ तिच्यातच आहे."

मारेखी मावशी हसली, घास अडकत होता तरी.

हिमकडा कोसळला त्या वर्षी
अख्खं गाव ट्रकांत बसून सपाटीवर गेलं,
माझी आईसुद्धा, शिवणयंत्रासकट.
ही वर स्वानेतीत राहिली:
दोन गाई, दगडी मनोरा, लसूण कुटलेलं मीठ.

"मागे राहिलेल्यालाच कीड लागते म्हणा."

"उतरलेल्यालाही लागते," बाई म्हणाल्या,
"फक्त तिथं कुणीतरी वेळेवर बघतं."

मग पेन्सिल ठेवून, हळू:
"साठ वर्षं हिनंच निभावलंय सगळं.
ऊब, भूक, काळजाची चाल.
दुसरी नव्हतीच तुम्हाला."

मावशीनं तो कागद मागून घेतला.

शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी जीभ वळली,
पहिला शब्द गाईचं नाव.

आता रोज पहाटे अनशापोटी
एक पांढरी गोळी.
आई फोनवर म्हणते, आता तरी खाली ये.
मावशी ऐकते, पाणी पिते.
गोळी तेवढी गळी उतरते.