खालचा जबडा

मौलाली मास्तरांनी कवळीचे पैसे दिले नाहीत.
आठ हजार होतात, म्हणालो, वरची-खालची मिळून.
त्यांनी सायकलच्या कॅरिअरवरून काळी पेटी सोडली.
"ह्ये वाजवायला शिकवतो. फिटलं?"
आणि मी,
साखर पेठेत एकवीस वर्षं दुसऱ्यांचे दात घडवणारा माणूस,
फिटलं, म्हणालो.

का म्हणालो, ते बायकोला अजून सांगता आलेलं नाही.

चार महिने नुसता सूर. तीन बोटांचा, लांब,
वारा नसताना दोरीवर वाळत पडलेल्या टॉवेलसारखा.
मग मे महिन्यात, पत्रा रात्री आठलाही तापलेला,
रीड जिभेला कोरडी लागत होती, तेव्हा म्हणाले, आता कंप.

"वा म्हण."
वा.
"वा, वा, वा, वा. हनुवटी हलव.
मान काय हलवलालास बे नंदीबैलावानी."

भिंतीपलीकडे गुंडेटींचे चार माग.
धोटा जातो, येतो, जातो.
"त्याच्यावर बस. ठोक्याला एक वा.
मग दोन, मग तीन. चारला पोचलास की चहा तुझ्याकडून."

जबडे मला माहीत आहेत.
मांडणीवर प्लास्टरचे दीडशे असतील,
प्रत्येकावर पेन्सिलीने नाव: येमूल, कोळीकाकू, एलआयसीवाले.
बिजागरीला लावून मी त्यांची उघडमीट करतो,
कुठे घासतं, कुठे टेकत नाही
ते निळ्या कागदाच्या डागांवरून वाचतो.
पण माझाच खालचा
सगळे खरे दात घेऊन बसून राहिला,
जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखा.

सात रस्त्याच्या सिग्नलला वा-वा करत थांबलो होतो.
शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं,
"दाढ दुखलालीय का?"

हलला तो जून संपताना.
हलला, पण सूर वर उडायचा, केविलवाणा.
"वर न्यायचा नसतोय डाक्टर." (मी डॉक्टर नाही,
डॉक्टरांसाठी दात करतो, हे सांगणं सोडलंय.)
"खाली सोडायचा. केसभर. आणि परत आणायचा.
पोरीच्या पाठवणीला तिथं आया रडायच्या.
आमाला पैसे त्याचे. वाजवायचे कुठं कोण देतंय."

वाजवून दाखवा ना, म्हणायचो.
ते पेटीचा पट्टा आवळायचे.
सायकलला हात लावून म्हणायचे, आज नको, ऊन हाय.
रात्री साडेआठला.

परवा मागांना सुट्टी होती.
भिंतीपलीकडे काहीच नाही,
पंख्याचा एक स्क्रू तेवढा वाजत होता.
ठोका नसल्यामुळे मला एक वा सुद्धा जमेना.
दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा हसलो.
तेव्हा मास्तरांनी तोंडात बोट घातलं,
खालची कवळी काढली,
माझ्या चहाच्या स्टीलच्या पेल्यात ठेवली,
आणि सॅक्स माझ्या गळ्यातून स्वतःच्या गळ्यात घेतला.

निम्मी हवाच आली. उघड्या हिरडीवर रीड,
ओठाला मागून आधार नाही.
पण सूर खाली गेला,
केसभर,
तिथे जरा जास्तच थांबला
आणि परत आला. चार वेळा. पाचव्यांदा फाटला.

"जबडा हलवला की ही उचललालीय," ते म्हणाले.
"पहिल्या दिवसापास्नं."
मग सांगितलं का नाही?
मास्तरांनी पेला माझ्याकडे सरकवला.
"फिटलं म्हणालो हुतो ना."

फिटलं नव्हतं. एकाही अर्थाने.
मी दिवा खाली ओढला,
निळा कागद शोधला, खणात नव्हता, दुसऱ्या खणात होता.
आ करा, म्हणालो.
त्यांनी आ केला,
आणि तसंच, उघड्या तोंडाने,
एक बोट हवेत हलवत मला ठोका देत राहिले.