लादी सुटते खालून

मे महिन्यात बोरी नदी म्हणजे नुसती वाळू,
आणि अमळनेरच्या बर्फ कारखान्यात
मी लाद्या सोडवतो.
मिठाच्या टाकीतून डबा वर घ्यायचा,
साध्या पाण्यात बुडवायचा, चाळीसपर्यंत मोजायचं.
वरून कितीही ठोका, सुटत नाही.
बर्फ सुटतो
जिथे चिकटलाय तिथून.

हे हर्षालीला सांगितलं तर ती हसली नाही.
म्हणाली, मामा, मंगळावरही असंच.

तिच्या मोबाईलवर तिथला दक्षिण ध्रुव:
पांढऱ्यावर काळे फराटे,
कुणी चुलीतली राख फुंकल्यासारखे.
हा बर्फ पाण्याचा नाही,
आपण श्वासातून टाकून देतो त्या वायूचा.
सूर्याविना काढलेल्या महिन्यांत
काचेसारखा साठत जातो.
मग सूर्य येतो, क्षितिजाला चिकटून,
आपल्या उन्हाच्या निम्मंही नसलेलं ऊन घेऊन.

ते ऊन बर्फात थांबत नाही.
आरपार उतरतं,
खालच्या काळ्या वाळूवर जाऊन बसतं.
वाळू ऊबते,
बर्फ तळातून विरू लागतो.

सुपडू गोणपाट झटकत ऐकत होता.
"मंग पानी कथा जास?"
पाणी होतच नाही, सुपडूभाऊ. कापरासारखं.
कापूर त्याला लगेच कळला.

वायू मात्र कोंडलेला.
चारी बाजूंनी वाळू खरवडत
एखाद्या तड्याकडे सरकतो
आणि फुटतो, धूळ घेऊन, उंच.
आवाज होत असेल का, मी विचारलं.
हर्षालीला माहीत नव्हतं.
बर्फ गेल्यावर जमिनीवर उरतात नुसते चर,
मधोमध खड्डा, भोवती पाय.
त्यांना कोळी म्हणतात.
दर वसंतात पाय थोडे लांबतात.

दुपारी सेहेचाळीस अंश.
धरणगावच्या लग्नाची लादी अंगणात टेकवली
आणि गुडघ्यांवर बसून तिच्यातून पाहिलं:
कडेला स्वच्छ,
पोटात पांढरं, न सुटलेल्या हवेचं,
आणि तळाशी, उन्हात उजळलेली,
गोणपाटाची एकेक वीण.
आत कुठेतरी टक् झालं.

"गाडी उनी!" सुपडू ओरडला,
आणि घमेलंभर भुसा
माझ्या नजरेवर ओतला.